उन्हाळी संख्याशास्त्र : फक्त नवशिक्यांसाठी (सोलापूर आवृत्ती)

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. अकरावीचा पहिला तास कधी होईल हे प्रवेशाच्या फेऱ्या ठरवतात. मधल्या काळात सोलापुरात ऊन ४२-४३ अंशांवर मुक्काम ठोकून असतं आणि घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना एकच काळजी असते : पोरगं रिकामं बसलंय. त्यात तुम्ही कॉमर्सला जाऊन 'गणित व संख्याशास्त्र' घेणार असं जाहीर केलं असेल तर विषयच संपला. आत्या म्हणते, "अवघड असतंय ते, आत्तापासून सुरू कर." काका म्हणतात, "व्हेकेशन बॅच लाव, आमच्या साहेबांच्या मुलानं लावलीय." ही मार्गदर्शिका अशा कचाट्यात सापडलेल्या नवशिक्यांसाठी आहे. सायन्सवाल्यांनाही चालेल. त्यांच्याही पुस्तकाच्या नावात संख्याशास्त्र आहे, फक्त परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत ते त्यांना दिसत नाही.

साहित्य. शंभर पानी वही एक, पेन्सिल, खोडरबर. अंगणातलं किंवा बाथरूममधलं पाण्याचं पिंप. उजनी धरणाचा आकडा रोज छापणारं एखादं वर्तमानपत्र. शेंगाचटणी, दोन प्रकारची. आजी एक, तिखट. कॅल्क्युलेटर घेऊ नये. बारावीच्या बोर्डाच्या गणिताच्या पेपरात तो चालत नाही, लॉगचं टेबल चालतं. तेव्हा तीसपर्यंतचे वर्ग पाठ करावेत. ते पाठ करताना पुढच्या खोलीत बसावं आणि आवाज मोठा ठेवावा. घरातल्या मोठ्यांचं समाधान होतं आणि पुढचे दोन महिने ते तुमच्या वहीत डोकावत नाहीत.

वेळ. पहाटे साडेपाच ते नऊ. नऊनंतर सोलापुरात फक्त पंखा विचार करतो.

दहावीचं पुस्तक रद्दीत देऊ नका

निकाल लागायच्या आत रद्दीवाला दारात येतो आणि भाग एक, भाग दोन, इतिहास, सगळं एका गठ्ठ्यात जातं. गणित भाग एक तेवढं बाजूला काढा. त्यातले शेवटचे दोन धडे म्हणजे संभाव्यता आणि सांख्यिकी. शाळेत हे धडे पोर्शन संपवायच्या घाईत येतात, त्यामुळे मध्यकाचं सूत्र पोरांना झोपेत विचारलं तरी येतं आणि मध्यक म्हणजे काय हे जागेपणीही सांगता येत नाही. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत उभे केले की मधोमध जो येतो तो मध्यक, बस्स. सगळ्यांची बेरीज भागिले संख्या तो मध्य. जो सारखा सारखा येतो तो बहुलक. गृहीतमध्य पद्धत, मध्यप्रमाण विचलन पद्धत ही सगळी हातानं बेरीज कमी करण्याची युक्ती आहे, त्यात गूढ काही नाही. हे एवढं आठवड्याभरात उरकता येतं. उरकलं की पुस्तक मिटा आणि वर्तमानपत्र उघडा.

टक्का दिसला की छेद विचारा

वर्तमानपत्रात एक चौकट असते. एप्रिल-मेमध्ये तिच्यात असं काहीतरी छापून येतं : उजनी उणे ३५ टक्के. परगावचा पाहुणा ते वाचून चहाचा कप खाली ठेवतो. धरणात उणे पाणी म्हणजे काय? धरण कुणाचं देणं लागतं की काय? सोलापूरकराला त्यात काहीच वाटत नाही. तो लहानपणापासून उणे पाणीच पीत आलेला आहे.

वहीत आकडे मांडा. उजनीचा मृत साठा, म्हणजे तळाचा, ६३.६६ टीएमसी. त्यावरचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. दोन्ही मिळून ११७.२३. टक्केवारी काढतात ती फक्त वरच्या ५३.५७ वर. पाणी मृत साठ्याच्या रेषेला टेकलं की शून्य टक्के, रेषेखाली उतरलं की उणे. जून २०२४ मध्ये उजनी जवळपास उणे ६० पर्यंत खाली गेली होती. आता हिशेब करा. ५३.५७ चे ६० टक्के म्हणजे ३२.१४. ते ६३.६६ मधून गेले, राहिले साडेएकतीस टीएमसी. हेच साडेएकतीस एकूण ११७ मधले धरले तर धरण २७ टक्के भरलेलं आहे. पाणी तेवढंच, थेंब कमी नाही की जास्त नाही. 'उणे ६०' वाचून माणूस पिंप आणायला धावतो आणि '२७ टक्के शिल्लक' वाचून पंख्याखाली आडवा होतो. दोन्ही आकडे खरे आहेत. बदलला तो छेद.

गंमत दुसऱ्या टोकालाही आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरणानं शंभरी ओलांडली. पूर्ण काठोकाठ भरलं की उजनी १११ टक्के होते, म्हणजे सुमारे १२३ टीएमसी. उणे ६० पासून १११ पर्यंत जाणारी टक्केवारी बोर्डाच्या गुणपत्रिकेवर असती तर सोलापूरच्या निम्म्या पोरांचा जीव भांड्यात पडला असता.

सराव म्हणून रोज एक टक्का पकडा आणि त्याचा छेद शोधा. क्लासच्या फ्लेक्सवर '९८ टक्के निकाल' असेल तर विचारा, कशाचे? जूनमध्ये फी भरलेल्यांचे, की फेब्रुवारीत परीक्षेला बसलेल्यांचे? कापडाच्या दुकानावर 'पन्नास टक्क्यांपर्यंत सूट' असेल तर आधीची किंमत कुठली, आणि 'पर्यंत' या शब्दाच्या अलीकडे किती साड्या आहेत? तुमच्या स्वतःच्या दहावीच्या टक्क्यांनाही हाच प्रश्न लावा. पेपर सहा विषयांचे, गुण सहाशेपैकी, आणि टक्केवारी मात्र उत्तम पाच विषयांची, पाचशेपैकी. वर खेळाचे, चित्रकलेचे, लोककलेचे वाढीव गुण. २०२५ च्या निकालात राज्यात २११ मुलांना शंभर टक्के पडले आणि त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. आपण पुणे विभागात मोडत असल्यामुळे सोलापूरकरांनी यावर मत देण्यापूर्वी दोन मिनिटं शांत बसावं.

एक सूचना महत्त्वाची. छेद विचारण्याचा सराव घरातल्या वडीलधाऱ्यांवर करू नये. "तुमच्या वेळी ५५ टक्के म्हणजे लई होते, ते कितीपैकी हो?" या प्रश्नानंतर शिक्षण थांबतं.

पिंपाजवळची नोंदवही

आता खरा अभ्यास. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी ही पर्वणी आहे. पुण्या-मुंबईच्या पोरांना सरावासाठी पुस्तकातले कल्पित आकडे घ्यावे लागतात, तुमच्याकडे घरबसल्या खरी आकडेवारी वाहत येते, आली तर.

पिंपाशेजारी भिंतीला दोरीनं वही लटकवा. पाणी आलं की तारीख, वेळ आणि किती मिनिटं आलं ते लिहा. रात्री दोनला आलं तरी उठून लिहा. 'मध्यरात्रीच्या सुमारास' असं लिहू नका, तो डेटा नाही, ती कादंबरी आहे. एका पाण्यापासून पुढच्या पाण्यापर्यंत किती दिवस गेले तो आकडा वेगळ्या रकान्यात घ्या. समजा तुमच्या गल्लीत आठ वेळचे आकडे असे आले : ४, ४, ५, ४, ४, ६, ४, ९. शेवटच्या खेपेला कुठेतरी जलवाहिनी फुटली होती.

बेरीज ४०, भागिले ८, मध्य ५. ओळीत उभे केले तर मधले दोन्ही चार, म्हणून मध्यक ४. पाच वेळा चारच आलाय, म्हणून बहुलकही ४. तीन सरळमार्गी आकडे, तिन्ही बरोबर, आणि तिन्हींना त्या नऊ दिवसांतलं कळशीच्या रांगेतलं भांडण दिसलेलं नाही. त्यासाठी प्रमाण विचलन काढायचं. प्रत्येक आकडा पाचापासून किती लांब आहे ते बघा. पाच वेळा एकनं कमी, त्यांचे वर्ग मिळून ५. पाचाचा शून्य. सहाचा १. नऊ चारनं लांब, त्याचा वर्ग १६. सगळे मिळून २२, भागिले ८ म्हणजे २.७५, त्याचं वर्गमूळ सुमारे १.६६ दिवस. बावीसपैकी सोळा एकट्या नवानं आणले, हे नीट बघून ठेवा. वर्ग केल्यामुळे टोकाचा आकडा किती माजतो ते पुस्तकातल्या सूत्रावरून कळत नाही, पिंपावरून लगेच कळतं. ज्या गल्लीत दर पाच दिवसांनी ठरल्या वेळी पाणी येतं तिथलाही मध्य पाचच, पण विचलन शून्य, आणि तिथल्या बायका पहाटे दोनला नळाला कान लावून बसत नाहीत.

ही आकडेमोड एकदा तरी हातानं करा. मग घरातल्या एका जुन्या वादाकडे वळा. आईचं ठाम मत असतं की पाहुणे नेमके पाणी नसतानाच टपकतात. बाबा म्हणतात, तुझा आपला ग्रह. नवशिक्यानं इथे आईच्या बाजूनं उभं राहावं, कारण गणितही तिच्याच बाजूनं आहे. आठ फेऱ्यांपैकी नऊ दिवसांची फेरी एकच आहे, म्हणजे साडेबारा टक्के. पण पाहुणा फेरी बघून येत नाही, दिवस बघून येतो. एकूण दिवस ४०, त्यातले ९ त्या लांबलेल्या फेरीतले. म्हणजे पाहुणा त्या फेरीत सापडण्याची शक्यता ४० पैकी ९, साडेबावीस टक्के, जवळजवळ दुप्पट. सगळ्या आकड्यांचे वर्ग करून मिळवले तर २२२ होतात. त्याला ४० नं भागलं की ५.५५ येतं. गल्लीतल्या माणसाच्या हिशेबानं फेरी सरासरी पाच दिवसांची, पाहुण्याच्या वाट्याला येते ती साडेपाचाहून मोठी. लांबलेली फेरी जास्त दिवस अडवून बसते, म्हणून ती जास्त पाहुण्यांना गाठते. एसटीच्या थांब्यावर उभं राहिलं की बस नेहमी उशिराच येते असं वाटतं, त्याचं कारणही हेच. आईला हे समजावून सांगा. ती म्हणेल, "मग मी काय वेगळं सांगलाले?"

दुपारी दोन वाजता सर्वेक्षण

नमुना कसा घ्यायचा हे शिकायला प्रश्न साधा घ्यावा. उदाहरणार्थ : सोलापुरात उन्हाळ्यात दुपारी किती जण झोपतात? नवशिक्या टोपी घालून, रुमाल बांधून भर दुपारी दोनला पार्क चौकात उभा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या चाळीस जणांना विचारतो, "तुम्ही दुपारी झोपता का?" चाळीसपैकी चाळीस जण 'नाही' म्हणतात. एक जण म्हणतो, "तू काय करलालास बे उन्हात? घरी जा." नवशिक्या वहीत लिहितो : सोलापूरकर दुपारी झोपत नाहीत. झोपलेले सगळे घरी झोपलेले होते.

यावर तोडगा म्हणून फोन करून विचारावं, असं सुचेल. झोपलेला माणूस फोन उचलत नाही आणि उचललाच तर जे बोलतो ते वहीत लिहिता येत नाही.

हसू नका. याच चुकीनं अमेरिकेत एक मोठं मासिक तोंडघशी पडलं. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट'नं सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. जवळपास २४ लाख परत आल्या. त्यावरून त्यांनी सांगितलं, लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या त्या वर्षांत ज्याच्याकडे फोन आणि मोटार आहे तो कुणाला मत देणार, हे विचारायचं राहिलं. शिवाय ज्यांना मनापासून राग आला होता तेच जास्त करून मतपत्रिका परत पाठवत होते. आकडा मोठा असला की माणूस छेद विचारायचा विसरतो, कोण सुटलं हे विचारायचा तर आणखीच.

सोलापुरात नमुना घेताना कोण सुटतं याची यादी तयारच आहे. फक्त सात रस्ता आणि जुळे सोलापूर धरलं तर पूर्व भाग सुटला. पूर्व भागात गेलात पण प्रश्न फक्त मराठीत विचारले तर तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातल्या आज्ज्या सुटल्या. अक्कलकोट रस्त्याकडे कन्नड लागेल. सकाळी गेलात तर यंत्रमागाच्या पाळीवर गेलेले सुटले, दुपारी गेलात तर विडी कारखान्यात माल द्यायला गेलेल्या बायका सुटल्या. म्हणून शहराचे आधी भाग पाडायचे, प्रत्येक भागातून त्याच्या वस्तीच्या मानानं घरं निवडायची आणि ती चिठ्ठ्या टाकून निवडायची, सावली बघून नाही. पुस्तकात याला स्तरित नमुना म्हणतात. नवशिक्यांचे नमुने बहुतेक वेळा सावलीतलेच असतात.

आंब्यांच्या बाबतीत हे सगळं तुम्हाला आधीच येतं. पेटीचा वरचा थर बघून पेटी घेणाऱ्याला घरी काय ऐकावं लागतं ते ठाऊक आहेच.

आजी आणि आठ वाट्या

आता प्रयोग. प्रत्येक सोलापुरी घरात एक दावा असतो : खलबत्त्यात कुटलेली शेंगाचटणी आणि मिक्सरमधली, दोन्ही जिभेवर ठेवल्याबरोबर कळतात. कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटतं, मिक्सरमध्ये त्याचा भुगा होतो, वगैरे. दावा खरा असेलही. पण दावा ऐकून घेणं वेगळं आणि तपासणं वेगळं.

शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेडच्या शेती संशोधन केंद्रात एका बाईंनी असाच दावा केला होता : चहा आधी ओतला की दूध आधी, हे त्यांना चवीवरून कळतं. तिथे नोकरीला असलेल्या रोनाल्ड फिशर यांनी वाद घातला नाही, प्रयोग आखला. १९३५ च्या त्यांच्या प्रयोगरचनेवरच्या पुस्तकात आठ कपांचा हा प्रयोग येतो. आपण आठ वाट्या घेऊ.

शेंगदाणे एकाच पिशवीतले, मिरची, लसूण, जिरं, मीठ मोजून निम्मं निम्मं. निम्मी चटणी खलबत्त्यात, निम्मी मिक्सरमध्ये. मिक्सरमधली जरा गार होऊ द्या, नाहीतर आजी चव नाही, गरमपणा ओळखेल. चार वाट्या हिच्या, चार तिच्या. वाट्यांच्या बुडाला आईनं पेन्सिलीनं खूण करायची, क्रम चिठ्ठ्या टाकून लावायचा आणि वाट्या आजीपुढे ठेवायचं काम धाकट्या भावाला द्यायचं. त्याला कुठल्या वाटीत काय आहे हे माहीत नसावं. तुम्ही स्वतः समोर बसू नका, तुमच्या चेहऱ्यावरून ती ओळखेल. मधे मधे ताकाचा घोट. आजीला एवढंच सांगायचं की चार कुटलेल्या आहेत आणि चार मिक्सरच्या, वेगळ्या काढ.

आजी म्हणेल, "आठ कशाला बे? एकाच वाटीत कळतंय मला." नवशिक्यानं इथे नम्रपणे सांगावं : एका वाटीत नुसता अंदाज बरोबर यायची शक्यता निम्मी आहे. आठांतून चार वाट्या निवडण्याचे प्रकार सत्तर. चारही बरोबर निघाल्या तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता ७० त एक, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. मग आजीच्या जिभेला मानावं लागेल. आठांतून चार निवडण्याचे प्रकार सत्तर कसे येतात, हा अकरावीतला संयोजनाचा धडा आहे. तो आजीमुळे आधीच होऊन जातो.

समजा आजीनं कुटलेल्या चारांपैकी तीन बरोबर काढल्या आणि एक चुकली. घरात आनंदीआनंद : "बघा, चारात तीन!" इथे नवशिक्यानं थंड राहायचं. नुसत्या अंदाजानं तीन किंवा त्याहून जास्त बरोबर यायचे प्रकार सत्तरपैकी सतरा, म्हणजे जवळपास २४ टक्के. चौघांपैकी एक अनोळखी पाहुणाही डोळे झाकून एवढं करील. तेव्हा आजीला ओळखता येतं असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही. पण ओळखता येत नाही असंही म्हणता येत नाही. पुरावा कमी पडला, एवढंच लिहायचं. जो विद्यार्थी हे दोन निष्कर्ष एकमेकांत मिसळत नाही त्याला पुढे परिकल्पना-चाचणी शिकवायला मास्तरांना कष्ट पडत नाहीत.

आजीकडे हे वाचून दाखवू नका. ती एवढंच म्हणेल की मिरचीच जुनी होती.

सोबतीनं चालणारे आकडे

ज्या दिवशी कोपऱ्यावरच्या रसवंतीत गर्दी जास्त, त्या दिवशी वीजही जास्त वेळा जाते. दोन्हींची नोंद ठेवलीत तर सहसंबंध चांगला भरीव येईल. म्हणून रस पिणं बंद करून वीज टिकवता येत नाही. दोन्हींच्या मागे ऊन आहे. हे उदाहरण सोपं आहे म्हणून ते सगळ्यांना कळतं. पुढचं जरा अवघड आहे.

जुलैत सोलापुरात आठवडाभर पाऊस नाही, आणि उजनी मात्र रोज दोन-तीन टक्क्यांनी वर सरकते. उलटही होतं : इथे धो धो पडतो आणि धरण ढिम्म. कारण उजनी आपल्या पावसानं भरत नाही. ती भरते पुणे जिल्ह्यातल्या भीमेच्या खोऱ्यातल्या पावसानं आणि वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्यानं. म्हणून सोलापूरकर पावसाळ्यात आभाळाकडे कमी आणि दौंडच्या विसर्गाच्या क्युसेककडे जास्त बघतो. शेजारच्या आजोबांना विचारा, आकडे शेजारी शेजारी मांडून त्यामागचं कारण पुण्यात शोधायचं असतं हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय येतं. वहीत दोन रकाने करा, सोलापूरचा पाऊस आणि दौंडचा विसर्ग, आणि दोन्हींची उजनीच्या पातळीशी सोबत किती ते काढून बघा. दौंडच्या रकान्याला एक-दोन दिवस मागे सरकवून बघा, पाण्याला इथवर यायला वेळ लागतो. इतकं केलंत तर बारावीतला कालश्रेणीचा धडा तुम्हाला ओळखीचा वाटेल.

"पण ह्यात करिअर आहे का?"

हा प्रश्न सुट्टीत किमान एकदा येणारच, बहुधा लग्नाच्या पंगतीत. उत्तर तयार ठेवा. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं सांगा. लंडनला शिकून आले आणि पिकांच्या उत्पादनाचा अंदाज नमुन्यावरून कसा घ्यायचा यावर त्यांनी काम केलं. तेव्हा प्रशांतचंद्र महालनोबिसांसारखे मोठे लोक शेतात अगदी लहान तुकडे कापून उत्पादन मोजायच्या बाजूचे होते. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला की उत्पादन फुगून येतं. तुकडा जितका लहान तितकी त्याला कड जास्त, आणि कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर हा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. माणसाचा हात कुठे झुकतो हे त्यांनी आकड्यांवरून पकडलं. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. दोघांनाही पद्मभूषण मिळालं. एवढं ऐकून काका म्हणतील, "बरं, पण बँकेत चालतं का?" चालतं म्हणा आणि जिलबी वाढून घ्या.

हे ऐकून उत्साहानं शेतात पीक कापणीचा प्रयोग करायला मात्र जाऊ नका. मंगळवेढ्याची ज्वारी फेब्रुवारी-मार्चलाच निघते. मेमध्ये तुम्हाला फक्त धसकटं मोजता येतील, आणि त्यांचं विचलन कुणी विचारत नाही.

पर्सेंटाइलबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावरून घराघरांत भांडणं होतात. सीईटीत ९२ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ९२ गुण नाहीत. बसलेल्या मुलांपैकी सुमारे ९२ टक्के मुलं तुमच्या बरोबरीची किंवा मागे आहेत, एवढंच. गुण चाळीस असतील, सत्तर असतील. हेच पर्सेंटाइल, म्हणजे शततमक, अकरावी वाणिज्यच्या गणिताच्या दुसऱ्या भागात अगदी पहिल्या धड्यात येतं. मागोमाग विचलन, विषमता, सहसंबंध, क्रमचय-संयोजन आणि संभाव्यता. म्हणजे वरच्या सगळ्या उचापतींपैकी बरंच काही तिथे नाव-गाव घेऊन भेटेल.

२९ जून हा महालनोबिसांचा जन्मदिवस, आणि २००७ पासून देशात तो सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. तोवर वही निम्मी भरलेली असावी. न भरल्यास मागच्या तारखांचे आकडे अंदाजानं भरू नयेत. खोटे आकडे पाहुण्यासारखे वागत नाहीत, फार शिस्तीत येतात, आणि मास्तर तेवढ्यावरूनच ओळखतात.

राहिली व्हेकेशन बॅच. तिची फी भरण्याआधी एक करा. अकरावीच्या गणिताचे दोन्ही भाग ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. दुसऱ्या भागाचा पहिला धडा वाचा, त्यातली पहिली पाच उदाहरणं कॅल्क्युलेटरशिवाय सोडवा. सुटली तर फीचे पैसे घरच्यांना परत द्या. नाही सुटली तर बॅच लावा, पण पहिल्या दिवशी सरांना विचारा : तुमचा ९८ टक्के निकाल कितीपैकी?